टाळेबंदीतील परीक्षा विभाग : एका पालकाचा अभिप्राय

राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून 2020 आणि 2021 या दोन वर्षांत मिळालेल्या सेवेबद्दल हा अभिप्राय आहे. माझी मुलगी त्या वेळी वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षात शिकत होती. त्यामुळे परीक्षा अर्ज, प्रत्यक्ष परीक्षा, निकाल, गुणपत्रक आणि पुढे ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित अधिकृत दाखला) अशा प्रत्येक टप्प्यावर आमचा या विभागाशी संबंध आला. टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम मनापासून वाखाणावे असेच होते. त्यांच्या वरिष्ठांबद्दल मात्र सरसकट तसे म्हणता येत नाही, कारण काही प्रसंगी त्यांनी उत्तम नेतृत्व केले, तर काही प्रसंगी विभागाला कोणी वाली आहे की नाही, अशी शंका यावी अशी स्थिती होती.

2020 मधील करोनाकाळाची परिस्थिती लक्षात घेतल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका राज्य शासनाने जूनमध्ये घेतली होती. त्यानंतर 6 जुलै रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेरपर्यंत परीक्षा घ्याव्यात, अशा सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 28 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, हवी असल्यास राज्यांनी मुदतवाढ मागावी, असा निकाल दिला. म्हणजे एरवी कित्येक महिने आधी सुरू होणारी तयारी जेमतेम महिना-सव्वा महिन्यात उरकायची होती आणि तीही अशा ऑनलाइन परीक्षेसाठी, जी यापूर्वी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कोणी घेतलेली नव्हती. वर्णनात्मक उत्तरपत्रिकांची सवय असलेल्या प्राध्यापकांकडून बहुपर्यायी प्रश्न तयार करून घेणे, ते तपासून प्रणालीत भरणे, मोबाइल नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयात ऑफलाइन सोय करणे, हे सगळे मर्यादित उपस्थितीत आणि संसर्गाची भीती डोक्यावर असताना करायचे होते.

याच सुमारास, सप्टेंबरच्या अखेरीस, राज्यभरातील विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी सातवा वेतन आयोग आणि आश्वासित प्रगती योजनेच्या (बढती न मिळालेल्यांना ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देण्याच्या) मागण्यांसाठी लेखणी बंद आंदोलन केले. ऐन परीक्षेच्या तोंडावर कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांना वेठीला धरले, अशी टीका तेव्हा पालकांमध्येही ऐकू येत होती. मला ती मान्य नव्हती आणि आजही नाही. वर्षानुवर्षे रिक्त पदांचा भार वाहणाऱ्या माणसाने हक्काचे वेतन मागितले म्हणून त्याची कामावरची निष्ठा कमी ठरत नाही. आंदोलन मागे घेतल्यावर याच लोकांनी रात्री उशिरापर्यंत बसून परीक्षा पार पाडल्या, हे आम्ही अनुभवले आहे.

आमचा अनुभव असा. एका विषयाचा पेपर सुरू असताना आमच्या भागातील वीज गेली, त्यासोबत नेटवर्कही गेले आणि पुन्हा लॉगिन होईपर्यंत बराच वेळ निघून गेला. मुलीने उरलेला पेपर सोडवून सादर केला. निकालात मात्र त्या विषयापुढे ‘गैरहजर’ असा शेरा आला. मदत कक्षाच्या क्रमांकावर फोन लागणे कठीण होते, म्हणून पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), आसन क्रमांक, विषयाचा संकेतांक आणि पेपर सादर झाल्याच्या संदेशाचे छायाचित्र जोडून आम्ही ईमेल पाठवला. दुसऱ्या दिवशी कार्यालयाची वेळ संपून गेल्यावर एका कक्ष अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी प्रणालीतील नोंद समोर ठेवूनच बोलायला सुरुवात केली. पहिले लॉगिन किती वाजता झाले, संपर्क कोणत्या प्रश्नावर तुटला, पुढची उत्तरे कधी जतन झाली, हे सगळे त्यांनी मुलीला वाचून दाखवले आणि ‘बेटा, तुझ्या पेपरचे दोन तुकडे झालेत, ते जोडायचे राहिलेत, काळजी करू नकोस’ असे सांगितले. त्याच आठवड्यात सुधारित निकाल लागला. विद्यापीठात एकही फेरी मारावी लागली नाही.

हे इतक्या लवकर कसे झाले, याची मी नंतर महाविद्यालयातील परीक्षा समन्वयकांकडे चौकशी केली. तेव्हा कळले, की अशा प्रकरणांची शहानिशा करून निकाल दुरुस्त करण्याचे अधिकार परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी त्या काळापुरते खालच्या अधिकाऱ्यांकडे लेखी आदेशाने सोपवले होते आणि कोणत्या विद्याशाखेसाठी कोणी उत्तर द्यायचे, त्याची नावानिशी यादी महाविद्यालयांना पाठवली होती. एरवी अशी फाइल चार टेबलांवरून फिरून सहीसाठी थांबली असती. नेतृत्व म्हणून मला जे अभिप्रेत आहे, ते हेच : खालच्या माणसाला निर्णय घेण्याची मोकळीक द्यायची आणि त्या निर्णयाची जबाबदारी मात्र स्वतः घ्यायची.

खेदाची गोष्ट अशी, की पुढच्याच वर्षी याच विभागात याच्या नेमके उलट चित्र दिसले. दुसऱ्या लाटेच्या काळात मुलीला परदेशी प्रवेशासाठी ट्रान्सक्रिप्ट हवे होते. दरम्यान विभागप्रमुख बदलले होते आणि पदाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याच खात्याच्या अधिकाऱ्यांकडे होता. सहाही सत्रांचे गुण जुन्या लेजरशी ताडून वरिष्ठ लिपिकांनी कागद तयार ठेवला होता, पडताळणी करणाऱ्याची सहीही झाली होती. शेवटची सही मात्र होत नव्हती, कारण ती करण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, याबद्दल कार्यभार सांभाळणाऱ्या साहेबांनाच खात्री नव्हती. त्या लिपिक बाई स्वतः आजारातून उठून कामावर आल्या होत्या आणि आम्ही फोन केला की दर वेळी त्याच अपराधी स्वरात ‘माझ्याकडून पूर्ण आहे हो’ असे सांगत होत्या. ज्यांनी काम केले, त्यांनीच माफी मागावी, हे ऐकून फार वाईट वाटले. अखेर सही झाली, पण प्रवेशाची पहिली मुदत हातची गेली.

खालची माणसे राबतात आणि वरचे नियोजन कमी पडते, हे याआधीही दिसले आहे. 2017 साली मुंबई विद्यापीठात संगणकाधारित मूल्यांकनाचा निर्णय पुरेशा पूर्वतयारीविना राबवला गेला, निकाल महिनोन् महिने रखडले आणि त्याची परिणती कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात झाली. तेव्हाही प्राध्यापक आणि कर्मचारी सुट्टीच्या दिवशीही राबत होते. त्यांच्या कष्टांना दिशा देणारे नियोजन नव्हते. परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, आणि काहीही झाले तरी 45 दिवसांत निकाल लावण्याची तरतूद महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये आहे. परंतु ही मुदत पाळण्यासाठी लागणारी माणसे आणि अधिकार यांची तजवीज विद्यापीठाने आधी करायला हवी.

म्हणून या विभागाच्या सेवेला मी एकच गुण देऊ शकत नाही. 2020 च्या परीक्षेसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन, 2021 च्या ट्रान्सक्रिप्टसाठी विभाग म्हणून काठावर पास करीन आणि 2020 चे ते कक्ष अधिकारी आणि 2021 च्या त्या लिपिक बाई यांना मात्र पैकीच्या पैकी. विभागप्रमुखाचे पद रिकामे होताच सह्यांचे अधिकार कोणाकडे जातील, हे आदेशात आधीच लिहून ठेवावे, अशी लेखी सूचना मी कुलसचिव कार्यालयाकडे दिली असून तिची आवक क्रमांकासह पोच माझ्याकडे आहे. या विभागात ज्यांचे काम असेल, त्यांनी अर्ज ईमेलनेच करावा, सर्व सत्रांच्या गुणपत्रकांच्या प्रती एकाच फाइलमध्ये जोडाव्यात आणि सही कोणाच्या पदनामाने होणार आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.