पार्कातलं सोनं: 11 इंची कॉइल पुरे, की 6 इंची घ्यावी?

"मेटल डिटेक्टरचं मशीन घेऊन वर्ष झालं, नाणी रग्गड सापडतात, पण सोनं काही हाती लागत नाही. 6 इंची कॉइल घेतली तर फरक पडेल का?" सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. कॉइल म्हणजे मशीनच्या दांड्याला खाली लावलेली, जमिनीवरून फिरवायची तबकडी. माझ्याकडे मायनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स 800 हे मशीन आहे. त्याच्याबरोबर आलेली 11 इंची कॉइल आणि नंतर वेगळी घेतलेली 6 इंची, अशा दोन्ही मी फ्रीमॉन्ट, सनीव्हेल भागातल्या शहरी पार्कांत वापरतो. मशीन दुसऱ्या कंपनीचं असलं तरी लहान-मोठ्या कॉइलचा स्वभाव साधारण असाच असतो, त्यामुळे पुढचं सगळं थोड्याफार फरकाने तिथेही लागू पडावं.

समुद्रकिनारा इथे धरलेला नाही. तिथली गणितं वेगळी. शिवाय ओशन बीच, क्रिसी फील्ड या जागा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या ताब्यात आहेत. तिथे मशीन चालवणं तर सोडाच, जोडलेलं मशीन हातात बाळगणंही नियमाविरुद्ध आहे. शहराच्या पार्कांचे नियम मात्र गावागणिक बदलतात, म्हणून आधी त्या शहराच्या पार्क विभागाला फोन करून विचारावं.

कॉइल निवडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. खाली धातू लागला की मशीन पडद्यावर एक आकडा दाखवतं, पण पार्कात सोन्याचा असा वेगळा आकडा नसतो. माझ्या मशीनवर निकेल, म्हणजे 5 सेंटचं नाणं, 12-13 दाखवतं. बायकांची नाजूक 14 कॅरेटची अंगठी त्याच्या खाली कुठेही दाखवते, पुरुषांची जाड अंगठी त्याच्या वर. ॲल्युमिनियमची फॉइल आणि कॅनचे टॅब नेमके याच पट्ट्यात बसलेले असतात. आपलं 22 कॅरेटचं सोनं आणखी वेगळं वागतं. त्यात भेसळ कमी, म्हणून वीज जास्त सहज वाहते, आणि एखादी जाड बांगडी थेट नाण्यांच्या आकड्यांत जाऊन बसते. थोडक्यात, टॅबचे आकडे डिस्क्रिमिनेशन (नको ते आकडे गाळायची सोय) लावून बंद केले की त्यांच्याबरोबर अंगठ्याही बंद होतात.

हा कचरा किती जुना आहे, तेही पाहा. कुपर्टिनो 1955 मध्ये शहर झालं, फ्रीमॉन्ट 1956 मध्ये. वस्ती वाढली तशी पार्कं होत गेली. आणि ओढून काढायच्या टॅबचे कॅन बाजारात आले ते 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. कॅनलाच चिकटून राहणारा टॅब 1975 मध्ये आला. मधल्या काळात लोकांनी कॅन उघडला की कडी गवतात टाकली. त्या कड्या अजून तिथेच आहेत, शेपटासकट. वर गवत कापायच्या मशीनखाली सापडून चिंध्या झालेले कॅन आहेत, बार्बेक्यूच्या शेगड्यांभोवती फॉइलचे गोळे आहेत. सोनं शोधायचं ते या गर्दीत.

आता 11 इंची कॉइलची बाजू. ती खोल जाते, आणि एका फेरीत रुंद पट्टा झाकते. सॉकरचं मोकळं मैदान असेल, सिग्नल दहा-दहा पावलांवर असतील, तर तिला तोड नाही. तिथे 6 इंचीने फेऱ्या मारायच्या म्हणजे जवळजवळ दुप्पट चालणं, तेही फेरीवर फेरी चढवत, नाहीतर मधल्या पट्ट्या सुटतात. जुनी चांदीची नाणी शोधणाऱ्याला तर खोली हवीच. 1964पर्यंतचे डाइम आणि क्वार्टर (10 आणि 25 सेंटची नाणी) चांदीचे होते, आणि ते बहुतेक वेळा खाली गेलेले असतात. असा छंद असेल तर मशीनवरून मोठी कॉइल उतरवूच नका.

पण दागिन्यांचं तसं नसतं. अंगठी पडते ती अलीकडे. माझ्याकडचं पार्कातलं जवळपास सगळं सोनं वरच्या चार बोटांत मिळालेलं आहे. म्हणजे मोठ्या कॉइलचा जो सगळ्यात मोठा गुण, खोली, त्याचा सोन्याच्या कामी फारसा उपयोग होत नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. ज्या पार्कात गवताखाली नवीन माती टाकली असेल तिथे हा हिशेब उलटाही होईल.

माझा निर्णय झाला तो मात्र खोलीवरून नाही. मोठी कॉइल एका वेळी दोन-दोन वस्तूंवर बसते आणि दोघींचा मिळून एकच आवाज देते. हा त्रास शेवटी मला सोसवेना.

हे होतं कसं, ते सांगतो. आपल्या बहुतेक कॉइल डबल-डी बांधणीच्या असतात. त्यांचा खरा ऐकणारा भाग म्हणजे मधोमध, पुढून मागे गेलेली एक अरुंद पट्टी. डावी-उजवीकडे ही पट्टी अरुंद असल्यामुळे शेजारशेजारच्या वस्तू बऱ्यापैकी वेगळ्या होतात. पण लांबीला ती कॉइलएवढीच असते. 11 इंची कॉइलची पट्टी 11 इंच लांब. पुढच्या टोकाला फॉइल आणि मागच्या टोकाला अंगठी आली, तर मशीनला दोन्ही एकदम ऐकू येतात. मग आकडा स्थिर राहत नाही. एका फेरीत 9, दुसऱ्या फेरीत 17, उलट फेरीत भलताच काही. असा उड्या मारणारा आकडा म्हणजे कचरा, हे आपल्या कानात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे आपण पुढे निघून जातो. आणि सोनं तर नेमकं अशाच जागी असतं. माणसं जिथे बसतात, खातात, हात धुतात, क्रीम लावतात, तिथेच अंगठ्या बोटातून निघतात आणि तिथेच फॉइल पडते.

पिकनिक टेबलांच्या एका रांगेत मी हे नीट करून पाहिलं. सिकामोरच्या सावलीतलं टेबल, बाजूला शेगडी, बाकाच्या पायाशी गवत घासून गेलेलं. 11 इंचीने तिथे 8 ते 19 असा नाचणारा सिग्नल दिला. काटकोनात फिरून आडवी फेरी मारली तरी तो सुटा होईना. जागेवर खूण करून कॉइल बदलली. 6 इंचीने तिथेच दोन आवाज दिले, मधे वीतभर अंतर. एक तुटक, खरखरीत, त्याखालून मक्याच्या कणसाभोवती गुंडाळतात तसली चुरगळलेली फॉइल निघाली. दुसरा गोल, मऊ, कुठल्याही बाजूने फिरवा, 14 म्हणजे 14. मातीचा ढेकूळ फोडला तेव्हा कडेची पिवळी रेघ दिसली. सोन्याला माती चिकटून राहत नाही, अंगठ्याने पुसलं की लगेच चकाकतं. आत 14K चा शिक्का होता. त्या दिवसानंतर टेबलांच्या रांगेत मी मोठी कॉइल लावलेली नाही.

याला कुणी मोजमाप म्हणणार नाही, हे मला मान्य आहे. पण असं एकदाच झालं असंही नाही. जी टेबलं मी मोठ्या कॉइलने झाडून काढली होती, तिथूनच लहान कॉइलने पुन्हा पुन्हा काही ना काही दिलं आहे.

दुसरा मोठा फरक बारीक दागिन्यांत दिसतो. अंगठी ही बंद कडी असते. तिच्यात वीज गोल फिरते, म्हणून सिग्नल खणखणीत येतो. साखळीचं तसं नसतं. मशीनला ती अख्खी साखळी म्हणून दिसत नाही, एकेक सुटी कडी म्हणून दिसते. चांगली वजनदार साखळीसुद्धा पुष्कळदा फक्त तिच्या फासामुळे ऐकू येते. मंगळसूत्रात काळे मणी मुके, बोलतात त्या वाट्या. लहान कॉइलचं क्षेत्र एकवटलेलं असल्यामुळे असल्या बारीक वस्तू ती उथळ जागी जास्त चांगल्या पकडते.

मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला एका वहिनींची मोत्याची कुडी झोपाळ्यांजवळच्या लाकडी चिपांत पडली होती. कुडीत धातू तो किती? मोती ओवलेली तार आणि मागची फिरकी. मोठी कॉइल तिथे कामाचीच नव्हती. झोपाळ्याच्या लोखंडी खांबापासून हातभर अंतरावर नेली तरी ती ओरडायला लागायची. 6 इंची कॉइल खांबाच्या पार जवळ नेता आली. सेन्सिटिव्हिटी थोडी उतरवली, हेडफोन लावले, आणि झोपाळ्याखाली मुलांच्या पायांनी जो खळगा होतो त्याच्या काठावर एक कुजबुज ऐकू आली. आकडा 2 आणि 3 मध्ये लुकलुकत होता. चिपा हातानेच बाजूला केल्या. कुडी उताणी पडलेली, फिरकी जागच्या जागी, दोन मोत्यांच्या फटीत लाकडाचा तुसा अडकलेला. वहिनींनी ती तिथेच कानात घातली.

खेळाच्या जागांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की चिपांचा थर जाड असतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत लाकडी चिपांसाठी 9 इंचांचा थर सुचवलेला आहे, आणि वरून नवीन भर पडत राहते. तळापर्यंतचं ऐकायला लहान कॉइल कमी पडू शकते. मी खांबांभोवती, घसरगुंडीच्या पायथ्याशी आणि मंकी बारखाली लहान कॉइल चालवतो. मधल्या मोकळ्या भागात मोठी चालवायला हरकत नाही.

खणण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पार्क सगळ्यांचं आहे. मोठ्या कॉइलने नेमकी जागा पकडणं अवघड जातं, चूक दोन-तीन इंचांची होते, आणि मग प्लग, म्हणजे गवतासकट उचलायचा मातीचा तुकडा, तेवढा मोठा कापावा लागतो. लहान कॉइलने जागा इतकी नेमकी सापडते की उथळ वस्तू पुष्कळदा पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) आणि बोथट स्क्रूड्रायव्हरवरच निघते. प्लग कापायचाच झाला तर तीन बाजूंनी कापावा, चौथी जोडलेली ठेवावी, माती कापडावर काढावी आणि सगळी परत भरून पायाने दाबावी. आपल्याकडची चिकण माती उन्हाळ्यात विटेसारखी होते. तेव्हा कापलेलं गवत धरत नाही, पिवळी चकती तशीच राहते. म्हणून गवतातलं काम नोव्हेंबरच्या पावसापासून मार्चपर्यंत, आणि उन्हाळ्यात चिपा आणि व्हॉलीबॉलची वाळू, असा माझा शिरस्ता आहे.

वाळूच्या कोर्टावर दोन्ही कॉइल चालतात. कचरा कमी, खणणं सोपं. घाई असेल तर मोठी बरी.

सापडलेल्या वस्तूचं काय करायचं, हेही आधी ठाऊक असावं. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेप्रमाणे मालक कळत नसेल आणि वस्तू 100 डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची असेल, तर ती पोलिसांकडे जमा करावी लागते. 2025 मध्ये सोन्याने औंसाला 4000 डॉलर ओलांडले. त्या भावाने 2 ग्रॅमची 14 कॅरेटची साधी अंगठीसुद्धा 100च्या वर जाते. म्हणजे जवळपास प्रत्येक अंगठी जमा करायची. 90 दिवसांत मालक आला नाही तर ती आपल्याकडे येऊ शकते, किंमत 250 डॉलर किंवा त्याहून वर असेल तर मधे जाहीर नोटीसही लागते. मला स्वतःला मालक सापडला की जास्त आनंद होतो. आत नाव किंवा तारीख कोरलेली असली तर आधी त्या दिशेने शोध घ्यावा.

तर घ्यावी का? तुमची पार्कं नवी, मोकळी आणि स्वच्छ असतील, किंवा मन जुन्या नाण्यांत जास्त रमत असेल, तर 6 इंचीवर खर्च करायची घाई नको. तेच पैसे चांगल्या पिनपॉइंटरवर घातले तर जास्त उपयोगी पडतील. पण पार्क जुनं आहे, टेबलं आणि झोपाळे आहेत, आणि तुम्हाला सोनंच हवंय, तर मी 6 इंची घ्या म्हणेन. मोठी विकू मात्र नका. आणि 6 इंची घ्याल तेव्हा तिच्यासाठी दांड्याचा खालचा तुकडाही वेगळा घ्या. कॉइल कायमची त्यावर बसवून ठेवली की पार्कात बोल्ट काढत बसावं लागत नाही. तुकडा बदलायचा, वायर जोडायची, नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेची खरखर टाळणं) आणि ग्राउंड बॅलन्स (मशीन तिथल्या मातीशी जुळवणं) नव्याने करायचं, की मशीन तयार. हे सोपं नसलं तर तीच कॉइल लावून दिवस काढायचा मोह होतो, आणि दोन कॉइल बाळगण्यात अर्थ राहत नाही.