ए-वन-सी बाद झाल्यावर: फ्रुक्टोसामाइन की ग्लायकेटेड अल्ब्युमिन?

एचबीए-वन-सी (मधुमेहात लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देणारी तपासणी) तुमच्या रुग्णात सरळ वागत असेल तर फ्रुक्टोसामाइन किंवा ग्लायकेटेड अल्ब्युमिनच्या वाटेला जाऊच नका. ती तपासणी स्वस्त आहे, तालुक्याला होते आणि १९९३ च्या डीसीसीटी या मोठ्या मधुमेह अभ्यासापासून तिच्यामागे भक्कम पुरावा आहे. अडचण आमच्यासारख्यांची. पूर्व विदर्भात सिकलसेल ओपीडीत रोजचा. एसएस रुग्णाला (आईवडील दोघांकडून सिकलसेलचा जनुक आलेल्या) रक्त चढवलेलं नसेल तर त्याच्यात हिमोग्लोबिन ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, जवळजवळ नसतंच, मग ए-वन-सी मोजायचं कशाचं? शिवाय लोह कमी असल्याने आकडा उगाच वर गेलेल्या बाया, रक्त वाढवायच्या एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनमुळे तो खाली आलेले डायलिसिसचे रुग्ण, गेल्याच महिन्यात दोन बाटल्या रक्त घेतलेले. या सगळ्यांत दोष साखरेचा नसतो, लाल पेशीच्या आयुष्याचा असतो. मग पेशी सोडून प्लाझ्मातल्या प्रथिनांकडे वळावं लागतं.

तिथे हेच दोन पर्याय आहेत, फ्रुक्टोसामाइन आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन, आणि मुळातली क्रिया एकच: ग्लुकोज प्रथिनाला चिकटतं. अल्ब्युमिन या प्लाझ्मातल्या मुख्य प्रथिनाचं अर्धआयुष्य साधारण तीन आठवड्यांचं, त्यामुळे दोन्ही तपासण्या गेल्या दोन-तीन आठवड्यांचाच हिशेब देतात. इन्सुलिनचा डोस बदलून महिनाभरात परिणाम बघायचा असेल तर हा फायदाच.

फ्रुक्टोसामाइनच्या बाजूने बोलायला बरंच काही आहे. साधी रंगमापनाची पद्धत, गावातल्या लॅबच्या ॲनालायझरवर चालते, खर्च कमी आणि रिपोर्ट बहुधा संध्याकाळी हातात. अल्ब्युमिन व्यवस्थित असलेल्या, खात्यापित्या, फक्त लोह कमी असलेल्या रुग्णाला मी आजही हीच लिहून देतो.

पण तिचा एक त्रास मला शेवटपर्यंत पचला नाही. रिपोर्ट आला की पहिला प्रश्न साखरेचा पडत नाही, अल्ब्युमिनचा पडतो. ही तपासणी सीरममधली साखर चिकटलेली सगळी प्रथिनं एकत्र मोजते, म्हणजे प्रथिनंच कमी झाली की आकडाही उतरतो. डायलिसिसवरचे एक आजोबा आठवतात. भूक गेलेली, अल्ब्युमिन तीन ग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) खाली. फ्रुक्टोसामाइन नॉर्मल आलं म्हणून मुलगा पेढे आणायच्या बेतात, आणि त्याच्याच वहीत ग्लुकोमीटरचे आकडे अडीचशेच्या घरात. गरोदरपणातही रक्त पातळ होतं, अल्ब्युमिन उतरतं आणि हाच घोळ होतो. यावर दुरुस्तीची सूत्रं आहेत. कुणी एकूण प्रथिनांनी भागतं, कुणी अल्ब्युमिनने. काही लॅब दुरुस्त आकडा देतात, काही कच्चाच देतात, आणि कुठला दिलाय ते रिपोर्टवर लिहिलेलं असेलच असं नाही. ज्या रुग्णांसाठी ए-वन-सी सोडायची वेळ येते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं अल्ब्युमिनही ढासळलेलं असतं. मग प्रत्येक वेळी ही गणितं कोण करत बसणार? कावीळ, फुटलेल्या पेशींचं सॅम्पल आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या याही या पद्धतीत ढवळाढवळ करतात.

ग्लायकेटेड अल्ब्युमिन हा भागाकार स्वतःच करून येतं. एकूण अल्ब्युमिनपैकी किती टक्क्यांना साखर चिकटली एवढंच ते सांगतं. अल्ब्युमिन चार असो की पावणेतीन, निव्वळ त्यामुळे टक्केवारी बदलत नाही. मला एवढं पुरलं. जपानमध्ये ही तपासणी चांगली मुरली आहे. निरोगी माणसात साधारण ११ ते १६ टक्के धरतात आणि तिथल्या डायलिसिस तज्ज्ञांच्या संघटनेने मधुमेही रुग्णांसाठी २० टक्क्यांखालचं, तर पूर्वी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांसाठी २४ टक्क्यांखालचं लक्ष्य सुचवलं आहे. फ्रुक्टोसामाइनला असा आधार मला सापडत नाही.

खटकणाऱ्या गोष्टी हिच्यातही आहेत. सॅम्पल नागपूर-मुंबईला जातं, दोन-चार दिवस थांबावं लागतं आणि पैसे जास्त पडतात. प्रमाणाचा परिणाम टळला तरी अल्ब्युमिन किती दिवस टिकतं याचा टळत नाही: थायरॉइड मंद असेल किंवा सिरोसिस असेल तर आकडा वर जातो, स्टेरॉइड चालू असेल तर खाली. लठ्ठ माणसातही तो जरा कमीच दिसतो. शिवाय ए-वन-सीच्या सातची सवय झालेला रुग्ण २१ बघून घाबरतो. ढोबळमानाने तिनाने भागा, असं मी सांगतो. फ्रुक्टोसामाइनचे ३१० मायक्रोमोल बघून मात्र लोक सरळ विचारतात, “डॉक्टरसाहेब, शुगर तीनशे दहा?” आणि घरीच अर्धी गोळी वाढवतात. त्यापेक्षा २१ ची भीती परवडली.

तुमच्याकडे बहुतेक रुग्ण तरणेताठे असतील आणि सॅम्पल बाहेर पाठवायची सोय नसेल, तर फ्रुक्टोसामाइन घ्या, सोबत अल्ब्युमिन न चुकता करा. डायलिसिसचे आणि म्हातारे, खंगलेले रुग्ण जास्त असतील, तर थोडे पैसे आणि दोन दिवस खर्चून ग्लायकेटेड अल्ब्युमिन केलेलं बरं, असं माझं मत. सुरुवातीलाच टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघून ठेवा आणि लॅब मध्येच बदलू नका. लघवीतून प्रथिनं भरभरून जाणाऱ्या नेफ्रोटिक रुग्णात दोन्ही आकडे खोटे खाली येतात. तिथे मी दोन्हींचा नाद सोडतो आणि ग्लुकोमीटरवर जेवणाआधी-नंतरचे आकडे वहीत लिहून आणायला सांगतो.