रंग गनमेटल मिळाला, पण चौथं चाक माझं नव्हतं

गाडीच्या मॅगव्हीलना, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांना, नवा रंग द्यायचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांच्याकडे हलकी, महागातली चाकं आहेत त्यांनी तर नक्की वाचा. मुंबईत, कुर्ला-कलिना भागातल्या एका दुकानात मी चार चाकं रंगवायला दिली. परत आलेल्यांपैकी तीन माझी होती. चौथं दिसायला तसंच, पण भलतंच. शिवाय पावडर कोटिंग म्हणून पैसे घेतले आणि मारला साधा स्प्रे.

चाकं सोळा इंची, फ्लो फॉर्म्ड. या प्रकारात ओतलेल्या चाकाची कड गरम असताना रोलरखाली दाबून ताणतात. धातू घट्ट होतो, कड पातळ ठेवता येते आणि वजन उतरतं. साध्या ओतीव चाकापेक्षा माझं एकेक चाक जवळजवळ दोन किलोंनी हलकं होतं. आपल्या रस्त्यांवर हा फरक स्टिअरिंगला कळतो. एका गृहस्थांकडून वापरलेला सेट घेतला होता. घर समुद्राजवळ, त्यात पावसाळे, त्यामुळे चंदेरी रंगाखाली पांढरे फोड यायला लागले होते.

दुकानदार गोड बोलणारा. शेडकार्ड समोर ठेवलं, रंगवलेले तुकडे हातात दिले. डायमंड कट नको, म्हणाला. त्यात लेथवर वरचा धातू छिलतात, वर फक्त पारदर्शक लॅकर असतं, एक टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि अळी फिरल्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरतात. पुन्हा कट करायचं तर पुन्हा धातू जाणार. मॅट काळ्यावर तेलकट डाग बसतात आणि पॉलिश करून ते घालवता येत नाहीत. ब्रेकची धूळ काळपट असते, म्हणून गनमेटल, म्हणजे गडद राखाडी, घ्या, तोही सॅटिनमध्ये, म्हणजे मंद चमकेचा. यातला शब्द न् शब्द खरा होता. आजही कुणी विचारलं तर मी हाच सल्ला देईन. पण तासभर बोलणं झालं ते रंगावर. जुना रंग कसा काढणार, भट्टी कुणाची, चाकं रात्री कुठे राहणार, हे विचारलं की ‘साहेब, ते आमच्यावर सोडा’ म्हणत तो पुढचा नमुना काढायचा.

खरं पावडर कोटिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण फसवणूक याच फरकात लपते. टायर आणि व्हॉल्व्ह काढावेच लागतात. जुना रंग केमिकलने किंवा ब्लास्टिंगने उतरवून चाक उघड्या धातूवर आणतात. मग कोरडी पावडर विद्युतभाराने चिकटवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्की करतात. नट बसतात त्या खाचा आणि मधलं भोक झाकून ठेवायचं असतं. तिथे जाड थर बसला की चाक आवळल्यावर तो दबतो आणि नट सैल पडतात. जुना रंग कॉस्टिक सोड्याने काढणाऱ्याकडे किंवा गॅसच्या ज्वाळेने जाळणाऱ्याकडे चाक देऊच नका. कॉस्टिक ॲल्युमिनियमच खातो, आणि बेताल उष्णतेने चाकाला कारखान्यात दिलेली मजबुती उतरते.

चाकं परत आली तेव्हा सुरेख दिसत होती. ईस्टर्न फ्रीवेवर वेग धरला की मात्र स्टिअरिंग थरथरायचं. नेहमीच्या टायरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी एक चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवताना हातातच तोललं आणि म्हणाले, ‘दादा, हे जड आहे. तुमच्या सेटमधलं नाही हे.’ टायर उतरवून चारही वजनकाट्यावर ठेवली. तीन सात किलोंच्या आसपास, चौथं नऊच्या वर. पाठीमागे ओतीव आकड्यांत बनवल्याचं महिना-वर्ष वेगळं, ऑफसेटचा (चाक आत-बाहेर किती बसतं त्याचा) आकडा वेगळा, जेडब्ल्यूएल या जपानी सुरक्षा मानकाची खूणही नाही. काकांनी थिनरचा बोळा फिरवला तर गनमेटल बोळ्यावर आलं आणि खाली जुना चंदेरी रंग दिसला. भट्टीत पक्की झालेली पावडर अशी पुसली जात नाही. नटांच्या खाचासुद्धा रंगवलेल्या होत्या. याच चाकांवर मुलांना मागे बसवून मी गाडी चालवत होतो. पैशांपेक्षा मला याचाच राग जास्त आहे.

नवा रंग चढला की चारही चाकं सारखी दिसतात, त्याचाच त्याने फायदा घेतला. चाकं जुन्याच रंगात परत आली असती तर ओरखड्यांवरून आपलं चाक ओळखता आलं असतं.

दुकानात गेल्यावर सूर बदलला. ‘तुम्ही आणलं तेच दिलं.’ बिलावर फक्त ‘चार मॅग कलर’. पण त्याच्याच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये दराशेजारी ‘पावडर कोटिंग’ लिहिलेलं आहे. आणि सेट विकणाऱ्या गृहस्थांनी व्यवहाराच्या वेळी चारही चाकांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवले होते, त्यात चौघांवर एकच महिना-वर्ष स्वच्छ दिसतं. हे फोटो नसते तर माझ्या हातात काहीच नसतं.

म्हणून विनंती आहे, चाकं देण्याआधी प्रत्येकाच्या मागच्या खुणांचा फोटो काढा, सामान तोलायच्या साध्या काट्यावर वजन घ्या, आणि ते आकडे दुकानदाराच्या पावतीवर लिहून सही घ्या. जो सही द्यायला कुरकुरतो त्याच्याकडे चाकं ठेवू नका. रंग उतरवल्यावर, पावडर मारण्याआधी, उघडी चाकं स्वतः जाऊन बघा. जुनी भेग वेल्डिंग करून बुजवलेली असेल तर ती फक्त तेव्हाच दिसते, नंतर नाही. बिलावर ‘पावडर कोटिंग’ हेच शब्द हवेत. चाकं बसवल्यावर ५०–१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) तपासून घ्या.

फसलाच असाल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. मी कागद, फोटो आणि काकांकडून लिहून घेतलेली वजनं जोडून तक्रार केली आहे. दुकानदाराने अर्धे पैसे परत देऊ केले, मी घेतले नाहीत. मला माझं चाक हवंय. मुंबईत कुणाला सोळा इंची, हलकं, एकटंच मॅगव्हील विकत मिळत असेल तर घेण्याआधी बाकीची तीन कुठे आहेत ते विकणाऱ्याला जरूर विचारा.