रत्नागिरीत बिऱ्हाड करावं का? मुलाबाळांच्या कुटुंबासाठी शहराचं परीक्षण

लहान मुलं असलेल्या कुटुंबासाठी रत्नागिरी चांगलं शहर आहे, पण दोन अटींवर. घर पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून निवडलेलं हवं, आणि दहावीनंतर काय करायचं याचा विचार मूल आठवी-नववीत असतानाच झालेला हवा. डिसेंबरात भाट्याच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) फिरून, मासे खाऊन जे इथं यायचं ठरवतात, त्यांची अडचण याच दोन ठिकाणी होते.

आधी घर. जुनं शहर खाली, समुद्र आणि खाडीच्या बाजूला: मांडवी, राजिवडा, गोखले नाका, राम आळी. नवी वस्ती वर सड्याकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच पठाराकडे: मारुती मंदिर, नाचणे, साळवी स्टॉप, कुवारबाव. खाली बाजार, वाचनालय आणि समुद्र पायी अंतरावर, पण रस्ते अरुंद आणि खारी हवा थेट घरात. वर मोकळीक जास्त, शाळा-दवाखाने सोयीचे, पण सड्यावर पावसाचा मारा जोरदार. लहान मुलं असतील तर आमचा कौल वरच्या भागाला. मिऱ्या आणि 'पांढरा समुद्र' म्हणतात त्या बाजूला किनारा खचतो, बंधाऱ्यावरून लाटा येतात. तिथं केवळ दृश्य पाहून घर घेऊ नये.

वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घर पाहताना सगळ्यात आधी दक्षिण आणि पश्चिमेकडच्या भिंती आतून तपासाव्यात. रंगाच्या खपल्या, पांढरा लोणा (क्षाराचा थर), कपाटामागे काळी बुरशी दिसली तर त्या खोलीत मुलांना झोपवायचं नाही. दमा असलेल्या मुलाला या ओलीचा त्रास होण्याची शक्यता मोठी असते. नुसता नवा रंग देऊन ओल जात नाही. बाहेरून गिलाव्याच्या भेगा बुजवून जलरोधक थर द्यावा लागतो, आणि तोही एप्रिल-मेमध्ये, भिंत पूर्ण सुकलेली असताना. खिडक्यांना किमान दोन फूट छज्जा हवा. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर वरच्या मजल्यावरच्या घराची निम्मी काळजी मिटते. कपडे वाळवायला बंदिस्त पडवी किंवा झाकलेली बाल्कनी हवीच, कारण बाळाची दुपटी जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाहीत. जांभ्याच्या पायऱ्या आणि अंगण शेवाळून निसरडं होतं. पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी ब्लिचिंग पावडर टाकून खराट्यानं घासलं नाही तर आजी-आजोबा आणि धावणारी मुलं दोघंही पडतात.

समुद्राजवळच्या घरात लोखंडी ग्रिलला दरवर्षी रंग लागतो. पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम परवडतं. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३१६ प्रतीचं, कारण ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात. फर्निचरचा प्लायवूड आयएस ७१० चा (ओलीत टिकणारा मरीन) घ्यावा आणि कपाट भिंतीपासून दोन इंच सुटं ठेवावं.

इतका पाऊस पडूनही मे महिन्यात पाणी कमी पडतं. बाहेरून येणाऱ्यांना हे पटत नाही. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवत नाही, आणि उतारावरून बाकीचं पाणी थेट खाडीला मिळतं. म्हणून सड्यावरच्या विहिरी एप्रिलपासून तळ गाठतात आणि किनाऱ्यालगतच्या मचूळ होतात. शहराला मुख्यतः शीळ धरणातून पाणी मिळतं, तेही ठरावीक वेळेतच सोडलं जातं. उन्हाळ्यात कपात लागते. हिशेब सोपा आहे: माणशी रोजचे १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लिटर, म्हणजे तीन दिवसांच्या सोयीला १६०० लिटरच्या आसपास साठा हवा. घर पाहताना सोसायटीला तीन प्रश्न विचारा. जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, विहीर किंवा बोअर मेअखेर टिकते का, आणि गेल्या उन्हाळ्यात टँकर किती आले. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं घर पाहा.

वीज वळवाच्या वाऱ्यात आणि पहिल्या पावसात हमखास जाते, कारण तारांवर झाडं पडतात. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि ९०० व्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर घेतला तर तीन पंखे, पाच एलईडी दिवे आणि राउटर सुमारे चार तास चालतात. घरून काम करणाऱ्यांनी ही सोय दुप्पट करावी आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट ठेवावं.

आरोग्याच्या बाबतीत नेहमीचे आजार, लसीकरण, साधं बाळंतपण यांची सोय शहरात नीट होते. २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून जिल्हा रुग्णालयाची बाजू भक्कम होऊ लागली आहे. पण नवजात बाळाची शस्त्रक्रिया, हृदयरोग किंवा कर्करोगावरचे विशेष उपचार यांसाठी कोल्हापूर गाठावं लागतं. अंतर सुमारे १३० किलोमीटर, आणि मध्ये आंबा घाट. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट दरडींमुळे बंद पडला होता. म्हणून दुसरा पर्यायही ठरलेला असावा: महामार्गानं उत्तरेकडे, सावर्ड्याजवळचं डेरवणचं वालावलकर रुग्णालय. गरोदरपण जोखमीचं असेल आणि तारीख जुलै-ऑगस्टची असेल, तर शेवटचे तीन-चार आठवडे मोठ्या शहरात राहणंच शहाणपणाचं. बाळाच्या बाबतीत "बघू वेळ आली की" हे धोरण या घाटासमोर चालत नाही.

साप आणि विंचू हा विषय घरमालक काढत नाहीत, म्हणून इथं सविस्तर लिहितो. सड्यावरच्या वस्तीत फुरसं आढळतं. आकारानं लहान, दगडांच्या खाली आणि पाल्यात बसणारं. त्याच्या विषानं रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, त्यामुळे "मूल तर हसतंय-खेळतंय" म्हणून थांबायचं नाही. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता, न कापता, न आवळून बांधता सरळ जिल्हा रुग्णालय गाठायचं. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच असतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. लाल विंचवाचा दंश मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामामुळे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला आणि मृत्यू खूप कमी झाले, पण औषध वेळेत मिळावं लागतं. घराभोवती चिऱ्यांचा ढीग, लाकडं, नारळाच्या झावळ्या साठवू नयेत. बूट झटकून घालायची सवय मुलांना पहिलीपासून लावावी आणि रात्री अंगणात टॉर्चशिवाय जाऊ देऊ नये.

समुद्राची शिस्तही अशीच. मुलांना पोहायला आधी तलावात शिकवावं, समुद्रात नव्हे. भाट्याची पुळण लांब आणि सरळ आहे, सुरूच्या बनाची सावली आहे, संध्याकाळी खेळायला उत्तम. मांडवी फिरायला चांगली, पाण्यात उतरायला नाही. आरे-वारे आणि गणपतीपुळ्याला दिसायला शांत वाटणारं पाणी ओढून नेतं. ओहोटी लागलेली असताना मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये, आणि जून ते सप्टेंबर पाण्याला पायही लावू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मिरकरवाडा बंदरातले मच्छीमार ज्या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतात, त्या दिवसांत पर्यटकानं पाण्यात का उतरावं?

शाळा ही या शहराची खरी जमेची बाजू. फाटक, पटवर्धन, शिर्के अशा जुन्या मराठी शाळा अजून चांगल्या चालतात. कोकण विभागीय मंडळ २०१२ साली वेगळं झालं, तेव्हापासून दहावी-बारावीच्या निकालात ते सातत्यानं राज्यात पहिलं येतं. शाळेबाहेरही मुलाला घडवणारं पुष्कळ आहे: १८२८ सालचं नगर वाचनालय, नाटकाची परंपरा, संगीताचे वर्ग. हे पुण्या-मुंबईच्या उपनगरात इतक्या जवळ मिळत नाही. खेळाची मैदानं मात्र कमी आहेत, आणि चढ-उतार, अरुंद रस्ते, अपुरे पदपथ यांमुळे मुलांना सायकलवर एकटं पाठवणं कठीण जातं.

दहावीनंतरचं चित्र मिश्र आहे. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, मिरजोळ्याला फिनोलेक्स अकादमी आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आता वैद्यकीयही आहे. मूल इथंच राहून पदवीधर होऊ शकतं. पण जेईई-नीटच्या तयारीसाठी मोठ्या शहरांसारखी स्पर्धा आणि शिकवणी इथं नाही, त्यामुळे बरीच मुलं अकरावीला कोल्हापूर, पुणे किंवा लातूरला जातात. दोन वर्षांचं वसतिगृह आणि शिकवणीचा खर्च आधीच बाजूला काढलेला असावा.

नवरा-बायको दोघं नोकरी करणारे असतील तर दुसऱ्याची नोकरी हा सगळ्यात अवघड प्रश्न ठरतो. सरकारी कार्यालयं, बँका, शाळा, रुग्णालयं, थोडे कारखाने, आंबा आणि मासळीचा व्यवसाय: यापलीकडे खासगी क्षेत्र लहान आहे. बदलीनं येणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

मुंबईला रेल्वेनं सहा-सात तास लागतात. वंदे भारत, जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या या सगळ्या गाड्या इथं थांबतात, पण स्टेशन जुन्या शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला आहे, आणि पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग कमी होतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपतीनंतर मुंबईकडे जायचं असेल तर पहिल्याच दिवशी, पहिल्या काही मिनिटांत तिकीट काढावं. महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं आहे. निवळी, हातखंबा परिसरात रात्री मुलांना घेऊन गाडी चालवणं टाळलेलं बरं.

जागा किंवा घर विकत घेताना घाई नको. कोकणातल्या सातबाऱ्यावर सामाईक हिस्सेदारांची नावं मोठ्या संख्येनं असतात, त्यातले अर्धे मुंबईत. एकाचीही सही राहिली तर व्यवहार अडकतो. कुळकायद्याचा (जमीन कसणाऱ्या कुळाच्या हक्काचा) शेरा आहे का, बिनशेती आदेश कुठल्या क्षेत्रापुरता आहे, भूखंड सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) येतो का, हे स्थानिक वकिलाकडून लेखी घ्यावं. त्याआधी ११ महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहावं आणि करार मेच्या मध्यावर सुरू करावा. म्हणजे पाण्याची टंचाई, वळवाचा वारा आणि पूर्ण पावसाळा त्याच घरात पाहून होतो, आणि शाळा सुरू व्हायच्या आत सामानही लागलेलं असतं.