जुन्या पेट्रोल जीपला कॅमचा गिअर कुठला बसवावा: फायबरचा की धातूचा?

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढताना आमच्या जीपचं इंजिन एकाएकी बंद पडलं. स्टार्टर फिरत होता, पण स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून पाहिलं तर रोटर जागचा हलत नव्हता. म्हणजे त्याला फिरवणारा, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्टच फिरत नव्हता. टायमिंग कव्हर उघडलं, तेव्हा फायबरच्या गिअरचे दात सोललेले दिसले.

या जीपच्या हरिकेन इंजिनात क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, लोखंडी गिअर आणि कॅमवर त्याच्या दुप्पट दातांचा फायबर गिअर, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेला, असतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. फायबरचा मोठा गुण म्हणजे शांतपणा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला कधी अडवतात, कधी पुढे ढकलतात. त्यामुळे दात एकमेकांवर आपटतात, आणि तो मार फायबर पचवतो. पण तो झिजला की गाडी वाटेतच थांबते, आणि दातांचा चुरा इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पडून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. नवा गिअर टाकताना चेंबर उतरवून जाळी धुवायलाच हवी. एवढं करायचा कंटाळा केलात, तर ऑइल न पोचून पुढचं काम बेअरिंगांचं निघेल.

धातूचा गिअर आवाज करतो, पण भार सोसतो. अॅल्युमिनियमचा लोखंडी गिअरपेक्षा शांत असतो. मात्र तो तापल्यावर ब्लॉकपेक्षा जास्त फुगतो, म्हणून थंड असताना दातांत अगदी शून्य सैल ठेवू नका. क्रँकचा गिअर जुना ठेवून कॅमचा तेवढा नवा बसवणं मला मुळीच पटत नाही. झिजलेल्या दातांवर नवे दात नीट बसत नाहीत आणि इंजिन कायम केकाटतं. जोडीच घ्या.

गिअरांऐवजी साखळीचं काय, असं बरेच जण विचारतात. महायुद्धातल्या जीपमध्ये साखळी होती, गिअर नंतर आले. पण साखळीने कॅम क्रँकच्याच दिशेला फिरतो आणि दोन गिअरांत उलट्या दिशेला. म्हणून एकाचा कॅमशाफ्ट दुसऱ्यात चालत नाही. ज्या इंजिनांत साखळी काढून गिअर बसवतात, तिथे मधला आयडलर गिअर असतो तो दिशा राखण्यासाठीच. आपल्या जीपला या फंदात पडायची गरज नाही.

बसवताना सगळ्यात जास्त जपायचं ते हातोड्यापासून. गिअर ठोकून बसवला तर कॅम मागे सरकतो आणि ब्लॉकच्या मागचं छिद्र बंद करणारा पत्र्याचा कप प्लग उडवतो. मग ऑइल थेट क्लचकडे. मधल्या बोल्टने हळूहळू ओढून घ्या. दोन्ही गिअरांवरच्या खुणा समोरासमोर आणा आणि स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. खुणा पुन्हा तशाच भेटल्या पाहिजेत. गिअरांवर ऑइल सोडणारं बारीक छिद्र कव्हर लावण्याआधी तारेने साफ करा.

आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळाभर जीप उभीच राहते. ऑइल खाली उतरतं आणि चतुर्थीला पहिला स्टार्ट कोरड्या दातांवर होतो. तेव्हाही आधी स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतं फिरवा.

रविवारी बाजारापुरती निघणाऱ्या जीपला मी नवा फायबर गिअरच सांगेन, फक्त दातांच्या मुळाशी थर सुटलेला नाही ना, ते उजेडात बघून घ्या. आमची जीप काजूच्या दिवसांत भरून घाट चढते, म्हणून तिला मी धातूची जोडी बसवली. आवाज बॉनेट उघडल्यावर कळतो, सीटवर बसून टायरांच्या घरघरीत ऐकूही येत नाही.