अण्णांच्या बार्शी लाईटचे फोटो आणि नौपाड्यातलं स्कॅनिंगचं दुकान

जुने फोटो आणि निगेटिव्ह ठाण्यात कुठे नीट स्कॅन करून मिळतात, असं कोणी विचारलं तर मी आता सरळ नौपाड्यात पाठवते. गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे दुकान आहे. खाली चष्मेवाला, शेजारी पोळी-भाजी केंद्र. जिना अरुंद आणि चढा, लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर त्रास होणारच. तरीही नातवाच्या हाती पिशवी पाठवू नका, स्वतः जा. दुकानाचे मालक फोटो हातात घेण्याआधी बरंच काही विचारतात आणि त्याची उत्तरं घरातल्या मोठ्या माणसाकडेच असतात.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, बार्शी लाईटवर, म्हणजे कुर्डुवाडीहून लातूर आणि मिरजेकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेवर, स्टेशन मास्तर होते. 1951 साली लागले तेव्हा गाडी कंपनीची होती. 1954 मध्ये सरकारने ती घेतली आणि अण्णा मध्य रेल्वेचे झाले. अडीच फुटी रुळांची (दोन रुळांत अडीच फूट अंतर, म्हणजे नॅरोगेज) ही गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली, 1906 ला पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला, 1927 ला मिरजेला. आमचं बालपण तिच्या क्वार्टर्समध्ये गेलं: ढोकी, येडशी, सांगोला, पुन्हा ढोकी, शेवटी कुर्डुवाडी. सोलापूरच्या काकांकडे अगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोळात 12 फोटो. काका आले की एक रोळ संपायचा, आणि त्यातले निम्मे फोटो फलाटावरचे असायचे, कारण घराचं दार उघडलं की फलाटच होता.

अण्णा गेल्यावर तो ठेवा माझ्याकडे आला. दोन अल्बम, एक काचेची तसबीर आणि बिस्किटांच्या डब्यात ब्राऊन पाकिटांतले निगेटिव्ह. पैकी काही फोटो मी आधी दुसरीकडे, जरा झगमगीत दुकानात दिले होते. ठाण्यातच. नाव लिहीत नाही. तिथून फोटो परत आले ते चकचकीत होऊन. आईच्या चेहऱ्यावरची देवीची खूण पुसली होती. इंजिनाला हिरवा रंग चढवला होता. आणि काकांच्या लग्नानंतरच्या फोटोत मागची ‘गर्दी’ कापून टाकली होती. ही गर्दी म्हणजे कुर्डुवाडीचे हमाल! छोट्या गाडीतला माल तिथे उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागायचा, कारण एकीचे रूळ अडीच फुटी आणि दुसरीचे साडेपाच फुटी. दोन वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, मध्ये फळी टाकलेली, पाठीवर पोतं घेतलेला एक माणूस फळीवर, दुसरा पोतं उचलायला वाकलेला. काका-काकूंचे फोटो आमच्याकडे ढिगाने आहेत. ते हमाल आणि ती फळी त्या एकाच फोटोत आहे.

म्हणून नौपाड्यात गेले तेव्हा पहिलंच वाक्य म्हटलं, ‘दादा, काही सुंदर करू नका.’ ते हसले नाहीत, की ‘बघा काकू, आता सगळं ॲपवर होतं’ असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘काकू, मी आधी आहे तसं घेतो. स्वच्छ केलेली प्रत हवी असेल तर ती वेगळी करून देईन. मूळ फाइलला हात लावणार नाही.’ हे दादा पूर्वी लग्नांचे फोटो काढायचे, डार्करूममध्ये हात काळे केलेला माणूस. त्यामुळे निगेटिव्ह पाहताना त्यांना कुठली बाजू वर हे शोधावं लागत नाही.

त्यांची पद्धत सांगते, कारण पैसे याचेच आहेत. अल्बममधून फोटो काढण्याआधी ते अख्खं पान स्कॅन करतात. कुठल्या फोटोशेजारी कुठला होता, खाली काय लिहिलं होतं, हे त्यामुळे टिकतं. मग एकेक फोटो, आणि मग त्याची पाठ. पाठीवरच्या पेन्सिलीच्या नोंदी, स्टुडिओचे शिक्के, सगळं. आमचा दुसरा अल्बम चिकट पानांचा, वरून प्लॅस्टिक असलेला. त्यातला गोंद पिवळा पडून फोटो घट्ट बसले होते. दादांनी नखाने ओढलं नाही. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या कोपऱ्याखाली घालून हळूहळू सरकवला. जे निघेनात ते तसेच ठेवून पानासकट स्कॅन केले. तसबिरीतला अण्णांचा फोटो काचेलाच चिकटला होता. तो काढायला त्यांनी साफ नकार दिला. काचेसकट घेतला. ‘ओढला तर अर्धा चेहरा काचेवर राहील,’ म्हणाले. मला तो नकार फार आवडला.

निगेटिव्ह मात्र त्यांनी सगळ्यांत आधी मागितले. हातमोजे घालून, रबरी फुग्याने धूळ उडवून, लाईट बॉक्सवर ठेवले. छोट्या छापील फोटोत काळपट भागातलं काहीच दिसत नसतं, ते निगेटिव्हमध्ये असतं. क्लिक थ्रीचा निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस, म्हणजे आजच्या मानाने केवढा तरी मोठा. त्यांनी 2400 डीपीआयला (एका इंचात 2400 ठिपके) घेतला, तेव्हा एका फोटोची एक बाजू पाच हजार पिक्सेलच्या वर गेली. आकडे मी पाठ केलेत, कारण पुढचं सगळं त्यावर घडलं.

ढोकीचा एक फोटो आहे. आई नॅरोगेजच्या डब्याला पाठ करून उभी, कडेवर तान्हं मूल, बाळाला टोपडं. पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द, ‘ढोकी’. घरात सगळे म्हणायचे की हा आमचा भाऊ. 1962 चा त्याचा जन्म, तेव्हा अण्णा ढोकीलाच होते. वाद कधी झालाच नाही, कारण विचारलंच नाही कोणी. माझी धाकटी बहीण 1968 ची. तिचा तान्हेपणीचा फोटो नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली. ‘तुझ्या वेळी काका आलेच नाहीत गं,’ असं आई म्हणायची.

त्या फोटोचा निगेटिव्ह पाकिटात सापडला. दादांनी स्क्रीनवर मोठा केला आणि आईच्या खांद्याच्या वर, डब्याच्या कडेला, सावलीत बुडालेली रंगवलेली अक्षरं वर आली: ‘द. म.’. मी खुर्चीतून उठून जवळ गेले. रेल्वेच्या घरात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि आमच्या गाडीचा सोलापूर विभाग तिच्यात गेला. 2 ऑक्टोबर 1977 ला तो पुन्हा मध्य रेल्वेत आला. या अकरा वर्षांतच आमच्या डब्यांवर ती अक्षरं असू शकतात. भाऊ तेव्हा किमान चार वर्षांचा. त्या काळात आमच्या घरात तान्हं मूल एकच होतं.

मी दादांना म्हटलं, ‘ही माझी बहीण आहे.’ त्यांनी विचारलं, ‘नक्की?’ मी म्हटलं, ‘डब्यावर लिहिलंय.’ त्यांनी तेवढा तुकडा वेगळा मोठा करून दिला, पैसे घेतले नाहीत.

पहिल्या दुकानाने याच फोटोच्या छापील प्रतीवर काम केलं होतं. पार्श्वभूमी ‘गुळगुळीत’ केली होती. तिथे अक्षरांच्या जागी नुसता करडा रंग आहे. दोन्ही प्रती मी शेजारी ठेवून पाहिल्या. माझं ठाम मत झालं आहे की घरच्या फोटोंत मागचं जे आहे ते पुढच्याइतकंच जपायला हवं. माणसांचे चेहरे आपल्याला आठवतात तरी. फलाटाची पाटी, सिग्नल, पाण्याची टाकी, कोळशाचा ढीग, डब्यावरची अक्षरं, हे कोणी मुद्दाम टिपलेलं नसतं. कुर्डुवाडी-लातूर मार्ग 2008 पर्यंत ब्रॉडगेज, म्हणजे साडेपाच फुटी, झाला, रूळ आता उस्मानाबाद म्हणजे धाराशिववरून जातात. ती छोटी गाडी आता अशा फोटोंच्या कडेकडेनेच उरली आहे. ज्या ठाण्यात 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, तिथे तरी ही गोष्ट कळायला हवी.

बहीण नेरूळला राहते. लातूरची आत्या तिच्याकडे आली होती, तेव्हा पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून सगळ्यांनी बसून फोटो पाहिले. आत्याचं वय नव्वदीकडे झुकलेलं, पण पडद्यावर माणूस दिसला की नाव हजर. ‘हा पॉइंट्समन, याच्या बायकोच्या हातची शेंगाचटणी तू खाल्लीस.’ ‘हा गार्ड, आषाढीला टपावर बसलेल्या वारकऱ्यांना उतरवायला जायचा आणि स्वतःच हात जोडून परत यायचा.’ पंढरपूरच्या फोटोत टपावर माणसंच माणसं, पांढऱ्या टोप्या, आणि मध्येच एका म्हातारीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. ते तुळशीवृंदावन मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आमच्या भाच्याने फोनवर रेकॉर्डिंग लावलं, ते बरं केलं. ढोकीचा फोटो आला तेव्हा बहीण आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘ताई, टोपडं कोणी शिवलं होतं गं?’ आत्या म्हणाली, ‘मी.’

आता व्यवहाराचं. छापील फोटोला 30 रुपये, निगेटिव्हच्या एका चौकटीला 60, अल्बमचं अख्खं पान 80. पाठीचे वेगळे पैसे नाहीत. टिफ (मोठी, न दाबलेली) आणि जेपीजी (छोटी, पाठवायला सोपी) दोन्ही फाइली मिळतात, पेन ड्राइव्ह आपला न्यायचा. बुरशीचे डाग काढायचे असतील तर ते वेगळं ठरवावं लागतं, आणि ते स्वस्त नाही. यूपीआय चालतं. पावती हाताने लिहून देतात आणि त्यावर प्रत्येक पाकिटाची नोंद असते, हे मला महत्त्वाचं वाटलं. मूळ फोटो मोजून दिले, मोजून परत आले.

कमतरताही आहेत. सांगितलेल्या तारखेला काम मिळालं नाही, बरंच लांबलं, आणि फोन आपणच करावा लागला. फाइलींना नावं नसतात, फक्त अल्बम, पान आणि क्रमांक. ज्याला संगणकाची सवय नाही त्याला शोधताना त्रास होतो. माझ्या मते दहा-वीस रुपये जास्त घेऊन त्यांनी फोटोखालची नोंद फाइलच्या नावात टाकून द्यावी. दुपारी 1 ते 5 बंद, ठाण्याच्या जुन्या दुकानांसारखंच. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने जा, नाहीतर स्टेशनवरून चालत.

घरच्यांना फोटो पाठवताना एक करा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून टाकला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मी बहिणीला पहिल्यापासून तसाच पाठवते, म्हणून तिला डब्यावरची अक्षरं स्वतः वाचता आली.

मिरजेचे निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहेत. ब्रॉडगेज, मीटरगेज (एक मीटर रुंदीचे रूळ) आणि नॅरोगेज तिन्ही एका स्टेशनात असलेल्या काळातले. ते पुढच्या महिन्यात देणार आहे. तुमच्याकडेही असं पाकीट असेल तर दुकानात निगेटिव्ह आधी न्या, छापील फोटो नंतर. आणि जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला एकदा फोन करा.