दुपारच्या चहाचा जुना थाट: इराणी हॉटेलचा की घरचा?

मित्रमंडळींना जुन्या काळच्या थाटात चहाला बोलवायचे असेल, तर इराणी हॉटेलचा बेत देखणा दिसतो. खारी, मावा केक, मस्का सारे बेकरीतून आयते मिळते, मात्र ब्रून पाव त्याच दिवशीचा हवा, कारण शिळा झाला की त्याचे कुरकुरीत कवच चिवट होते. १९७०च्या दशकातल्या मराठी घरासारखा चहा याहून कष्टाचा, कारण पोहे आयत्या वेळीच फोडणीला टाकावे लागतात. तरीही माझा कौल यालाच आहे: सतरंजीवरची बैठक, कपबशीतला आल्याचा चहा आणि १९५७पासून चालत आलेली विविध भारती एवढ्यावर रंग भरतो, शिवाय खोबरे किसायला पाहुणेही आपणहून पुढे होतात. पंधरा-वीस जण येणार असतील, तर मात्र इराणी बेतच सोयीचा.